कडीला तेल : बडोद्यातील एका प्रणयप्रवेशाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मराठी पटकथेतील जेमतेम साडेतीन मिनिटांच्या प्रवेशाचे आहे. चित्रपट केवळ प्रौढांसाठी, लांबी सुमारे ९५ मिनिटांची आणि प्रदर्शन ओटीटीवर, असे ठरले होते. कथा बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात घडते. नायक ५२ वर्षांचा असून नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करतो. नायिका ४७ वर्षांची आहे आणि घरी ब्लाउज शिवते. मुलगी नोकरीसाठी पुण्याला आहे आणि माजघरात खाटेवर ७८ वर्षांच्या सासूबाई असतात. लग्नाला २४ वर्षे झालेल्या या जोडप्याला एकमेकांची ओढ पुन्हा कशी वाटू लागते, एवढाच चित्रपटाचा विषय आहे. पटकथेच्या पहिल्या वाचनाला मी श्रोता म्हणून गेलो होतो. त्या वाचनाचा विचका झाल्यावर दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. संबंधितांपैकी कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

निर्मात्याची अट करारातच लिहिलेली होती. चित्रपटात तीन प्रणयप्रवेश हवेत आणि ते साधारण विसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि सत्तराव्या मिनिटाला यावेत. लेखिका बडोद्याचीच, तिशीच्या आतली. तिला ही अट अपमानास्पद वाटत होती. मला तसे वाटले नाही. जपानमधील निक्कात्सु या चित्रपटसंस्थेने १९७१ पासून १९८८ पर्यंत सुमारे सत्तर मिनिटांचे प्रौढ चित्रपट ठरावीक अंतराने शृंगाराचे प्रवेश घालण्याच्या अटीवरच काढले, आणि ती अट पाळली की बाकीच्या बाबतीत दिग्दर्शकाला बरीच मोकळीक मिळत असे. तिथे काही दिग्दर्शक घडले, तेही याच चौकटीत. मधूनमधून पद हवेच म्हणून हटून बसणारे प्रेक्षक आपल्या संगीत रंगभूमीनेही पाहिले आहेत. तेव्हा प्रवेश किती आणि केव्हा, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. पद संपल्यावर नाटक जिथे होते तिथेच राहते की पुढे सरकते, हे मला पाहायचे होते.

ही तुलना माझ्या पदरची नाही. लिंडा विल्यम्स या अमेरिकन अभ्यासिकेने १९८९ मध्ये उघड कामदृश्यांच्या चित्रपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा अशा चित्रपटांतील कामदृश्यांची रचना संगीतिकेतील गाण्यांसारखी असते, असे तिने दाखवून दिले होते. पात्रे बोलत असतात, मग गाणे सुरू होते आणि गाणे संपल्यावर पुन्हा बोलणे. ज्या चित्रपटांत गाणीच खरी आणि बोलणे केवळ त्यांच्यामधली जागा भरण्यासाठी असते, त्यांच्यात माणसे उरत नाहीत. त्याच धंद्यातून आलेल्या कँडिडा रॉयाल हिने १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली, ती हीच तक्रार घेऊन. स्त्रिया आणि जोडपी हा प्रेक्षक समोर ठेवून तिने कथा, ओळखीची घरे आणि जिव्हाळा यांवर भर दिला. तिचे सारेच चित्रपट चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण शृंगार दाखवतानाही प्रेक्षकाला या दोघांचे पुढे काय होणार अशी काळजी वाटली पाहिजे, हा तिचा आग्रह योग्य होता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पहिल्याच बैठकीत निर्मात्याने आणि दिग्दर्शकाने 'प्रौढ' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला आणि तासभर वाया गेला. चित्रपटगृहासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली 'ए' प्रमाणपत्र मिळते आणि असा चित्रपट अठरा वर्षांवरील प्रेक्षकांनाच दाखवता येतो. ओटीटीला २०२१ चे नियम लागू आहेत. तेथे वर्गवारी मंचाने स्वतःच करायची असते आणि 'ए' वर्गासाठी वयाची खात्री करून घेण्याची सोय ठेवावी लागते. उघड लैंगिक कृती दाखवणारे साहित्य ही मात्र निराळी गोष्ट आहे. ते इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसृत केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ए खाली पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमचा चित्रपट 'ए' वर्गातला होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची व्हिक्टोरियन काळातील जुनी कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या दृष्टीने आणि संदर्भासह पाहण्याची भूमिका घेतली, हे दिग्दर्शकाला ठाऊक होते आणि तो ते वारंवार सांगत असे. मात्र न्यायालय ज्याला संदर्भ म्हणते, तोच त्याच्या पटकथेत सापडत नव्हता.

पहिले वाचन रावपुऱ्यातील एका लहान सभागृहात झाले. अकरा माणसे होती. त्यांत शेजारच्या वाड्यातील एक सासू-सून होत्या. लेखिकेच्या ओळखीने आलेल्या. पंचेचाळिसाव्या मिनिटाचा प्रवेश असा लिहिलेला होता : पावसाची रात्र आहे, वीज गेली आहे, मेणबत्ती पेटलेली आहे. नायिका गच्चीवरचे कपडे काढताना भिजून आत येते. नायक टॉवेल पुढे करतो. 'दोघे एकमेकांच्या डोळ्यांत हरवतात.' त्यानंतर पाऊण पानभर कॅमेरा कुठून कुठे फिरतो याचे वर्णन आणि शेवटी नायिकेचे इंग्रजीतील प्रेमाचे वाक्य. लेखिकेने ते वाचून पान उलटले, तोच मागच्या खुर्चीवरून त्या सासूबाईंनी सुनेला विचारले, 'अगं, पण कमाडाला कडी घातली का हिने? म्हातारी बाहेर निजलीय ना?'

बाई हळूच बोलल्या होत्या, पण सभागृह लहान होते. सगळे हसले. पुढच्या तीस पानांत कोणाचे लक्ष लागले नाही आणि दिग्दर्शकाने चहाच्या वेळी, यापुढे वाचनाला 'सिनेमा समजणारी' माणसेच बोलवावीत, असे सुनावले. माझ्या मते त्या अकरा जणांत सिनेमा सर्वांत नीट समजला तो त्या बाईंना. पहिल्या पाच पानांत लेखिकेने जे स्वतः लिहिले होते आणि नंतर विसरून गेली होती, ते त्यांनी लक्षात ठेवले होते. सहा वर्षांपूर्वी सासूबाई रात्री मोरीत पडल्या. तेव्हापासून त्यांची हाक ऐकू यावी म्हणून नवरा-बायकोच्या खोलीचे दार रात्री उघडे राहते, असे पटकथेतच होते. म्हणजे या दोघांमधला अडथळा दाराच्या रूपाने समोर उभा होता, आणि प्रणयप्रवेश लिहिताना लेखिकेने मेणबत्ती, पाऊस आणि टॉवेल आणले. दार तेवढे राहून गेले.

पावसाला आणि मेणबत्तीला माझा विरोध नाही. त्या वस्तू कोणत्याही जोडप्याच्या असू शकतात, एवढेच माझे म्हणणे होते. विशीतील दोघांना तोच प्रवेश एकही शब्द न बदलता देता आला असता. कोणत्या गोष्टीला ही दोन माणसे घाबरतात, आज त्यांना नेमके काय हवे आहे आणि ते मिळवताना कशाकडे पाठ फिरवावी लागणार आहे, हे प्रवेशातून कळत नसेल तर तो प्रवेश त्यांचा नाही. इथे पाठ फिरवायची होती ती आईच्या हाकेकडे. वयाच्या पन्नाशीत आईला एक रात्र ऐकू न येण्याइतके दूर ठेवणे हे मुलासाठी आणि सुनेसाठीही लहान काम नव्हे.

लेखिकेला हे लगेच पटले, पण पटल्याचा पहिला परिणाम वाईट झाला. तीन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या मसुद्यात तिने वास्तव असे काही भरले की प्रवेशात जीव उरला नाही. भिंतीवर पाल होती, नायकाच्या अंगाला रसायनाचा वास होता, नायिकेचा गुडघा दुखत होता, दिवाण करकरत होता आणि कडी घालावी की नाही यावर दोघांचे अडीच पानांचे भांडण होते. शेवटी दोघे पाठ फिरवून झोपतात. दिग्दर्शकाला हा मसुदा धाडसी वाटला. मला तो पहिल्याइतकाच खोटा वाटला. फक्त पहिला गोड बाजूने खोटा होता आणि हा कडू बाजूने. संसारात चोवीस वर्षे काढलेल्या माणसांना पालीचे नवल वाटत नाही, ती फक्त लेखकाला दिसते. शिवाय ज्या प्रवेशात ओढच नाही त्यात अडथळ्याला काय अर्थ?

येथे मला बडोद्याचीच एक वस्तू उपयोगी पडली. गायकवाड्स ओरिएंटल सीरीज या १९१६ साली सुरू झालेल्या ग्रंथमालेत भरताच्या नाट्यशास्त्राचा अभिनवगुप्ताच्या टीकेसह पहिला खंड १९२६ मध्ये निघाला. रामकृष्ण कवी यांनी तो संपादित केला. त्याच्या सहाव्या अध्यायात शृंगाराच्या व्यभिचारी भावांचा, म्हणजे मुख्य भावासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या भावांचा, विचार करताना भरताने तीन भाव वगळायला सांगितले आहेत : आळस, उग्रता आणि जुगुप्सा, म्हणजे किळस. दुसऱ्या मसुद्यात नेमके हेच तीन होते. करकरणारा दिवाण आणि पाठ फिरवून झोपणे हा आळस, भांडण ही उग्रता, पाल आणि वास ही जुगुप्सा. लेखिकेला मी ते तिन्ही शब्द मसुद्याच्या समासात लिहून दिले. भरत नियम म्हणून पाळावा अशातला मी नाही, पण हा नियम नसून निरीक्षण आहे असे मला वाटते : हे तीन भाव आले की ओढ टिकत नाही.

त्याच ग्रंथात रंगभूमीवर शय्या, चुंबन, आलिंगन दाखवू नये असेही आहे, आणि त्याचे कारण मोठे व्यवहारी आहे : नाटक बाप, मुलगा, सासू, सून सगळे एकत्र बसून पाहतात. ओटीटीने ही बैठक मोडली; जो तो आपापल्या फोनवर, कानात इअरफोन घालून पाहतो. पण रावपुऱ्याच्या त्या सभागृहात सासू आणि सून शेजारी बसल्या होत्या, आणि प्रश्न विचारला तो सासूने. सून मान खाली घालून हसत होती. मला तो प्रवेश या दोघींना एकत्र पाहता येईल असा हवा होता. झाकपाक करायची म्हणून नव्हे. दोघींनाही तो आपला वाटावा म्हणून.

तिसरा मसुदा लिहिण्याआधी लेखिका चित्रीकरणासाठी ठरलेल्या वाड्यात दोन दिवस जाऊन बसली. तिला तिथे जे सापडले त्यावर पुढचे सगळे उभे राहिले. खोलीचे दार सागवानी, दोन फळ्यांचे. आतून आडवी लोखंडी कडी होती. तिचा दांडा डावीकडून उजवीकडे सरकवायचा, पण बरीच वर्षे कोणी न सरकवल्याने तो गंजला होता आणि पावसाळ्यात फळ्या फुगल्याने कोयंड्याशी जुळत नव्हता. एका हाताने दार खांद्याशी उचलून धरल्याशिवाय कडी लागत नसे, आणि लागताना तिचा आवाज माजघरापर्यंत सहज पोहोचत असे. म्हणजे आता कडी नुसती घालायची नव्हती, ती सगळ्या घराला ऐकू जाणार होती.

लेखिकेने प्रवेश दोन भागांत तोडला. पहिला भाग दुपारचा. सासूबाई झोपल्या आहेत, नवरा दुसऱ्या पाळीवर गेलेला आहे. नायिका शिवण बाजूला ठेवते, उठते, कपाटावरची खोबरेल तेलाची बाटली घेते आणि कडीच्या दांड्यावर थेंब थेंब सोडते. दांडा पुढे-मागे करते. आवाज येतो, ती थांबते, माजघराकडे पाहते, पुन्हा तेल सोडते. हे चार वेळा होते. मग बोटांना लागलेले तेल ती केसांना पुसते. त्यानंतर देवघरातली छोटी पितळी घंटी ती सासूबाईंच्या उशाशी ठेवते आणि खोलीत जाऊन, दार लावून, घंटी ऐकू येईल का याचा अंदाज घेण्यासाठी भिंतीला कान लावते. संवाद एकही नाही. दुसरा भाग रात्रीचा. नवरा आंघोळ करून येतो. ती म्हणते, 'दार लावून घेता?' तो जुन्या सवयीने दार उचलून धरतो, आवाजाच्या भीतीने दात आवळतो आणि कडी सरकवतो. कडी आवाज न करता सरकते. तो हात तसाच कडीवर ठेवून वळून तिच्याकडे पाहतो.

या क्षणाला तिची सारी दुपार त्याला कळते. कोणीतरी आपल्यासाठी आधीपासून तयारी केली, हे कळण्याइतका प्रणय दुसऱ्या कशात क्वचितच असेल, आणि तो दाखवायला त्वचेचा एक इंचही लागला नाही. पुढे जे येते ते प्रौढांसाठीचेच आहे आणि मोकळेपणाने लिहिलेले आहे. पण प्रेक्षक आता दोन देहांकडे पाहत नसून, दुपारभर धीर गोळा करणाऱ्या बाईकडे आणि ते उमगलेल्या पुरुषाकडे पाहत असतो. मध्येच बाहेर काही वाजते. दोघे श्वास रोखून ऐकतात. खिडकीच्या गजात पारवा असतो. दोघांना हसू येते आणि ते हसू आवरता आवरत नाही. मूळ मसुद्यात या जागी व्हायोलिन होते.

या टप्प्यावर दिग्दर्शकाने एक सूचना केली, आणि ती मोहात पाडणारी होती हे मान्य केले पाहिजे : सासूबाईंनीच माजघरातून म्हणावे, 'दार लावून घ्या गं, वारा येतोय.' टाळ्यांचे वाक्य होते. मी ते नाकारायला लावले. सासूने परवानगी दिली की सून मोकळी होते, आणि मग दुपारच्या तेलाला काही किंमत राहत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका सर्वनामावर. पहिल्या मसुद्यात नायिका एकांतात नवऱ्याला सरळ 'तू' म्हणत होती. लेखिकेच्या पिढीला ते स्वाभाविक आहे. पण या पात्राने तोवर सतत 'अहो' म्हटले आहे, 'ऐकलंत का' म्हटले आहे. मग दिवा मालवल्यावर काय? लेखिकेने ओळखीच्या पाच-सहा बायकांना विचारले. एकीने ठामपणे सांगितले, 'नाही हो, आम्ही कधीच तू नाही म्हटलं.' दुसरीने विषय बदलला. तिसरीने थोडा वेळ काही सांगितले नाही आणि मग म्हणाली, 'अंधारात नाव-गाव काही घ्यायला लागतच नाही.' मराठीत बहुवचनी क्रियापदातला 'त' जाऊन 'स' आला की केवढे अंतर तुटते, हे परभाषेतून आलेल्या प्रेमाच्या वाक्याने कधीच साधत नाही. अखेर ठरले ते असे : सगळ्या प्रवेशात ती सर्वनाम टाळते. शेवटी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अर्धवट झोपेत म्हणते, 'दमलास.' एवढेच. आणि सकाळी मोरीतून हाक येते, 'अहो, नळाला पाणी आलंय.' तो क्षणभर थांबतो आणि बादली उचलतो. मला स्वतःला हा सकाळचा 'अहो' रात्रीच्या 'दमलास'पेक्षाही जवळचा वाटतो, कारण आता त्यात दोघांचे गुपित आहे.

तालमींबद्दल थोडेसेच सांगण्यासारखे आहे. निर्मात्याला इंटिमसी कोऑर्डिनेटरचा, म्हणजे प्रणयदृश्यांतील स्पर्शाची आखणी नटांच्या संमतीने करून देणाऱ्या व्यक्तीचा, खर्च नको होता. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने २०१८ पासून आपल्या मालिकांत हे पद आणले आणि अमेरिकेतील अभिनेत्यांच्या संघटनेने २०२० मध्ये त्याची नियमावली काढली, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. एका प्रसिद्ध अभिनेत्रीने त्याशिवाय काम करण्यास नकार दिल्याचा किस्सा ऐकल्यावर मात्र त्याने होकार दिला. स्पर्श कुठे, किती वेळ, कोणत्या कोनातून, हे सारे आधी कागदावर ठरले. मॉनिटर फक्त तिघांना दिसेल असा ठेवला. नटांना यामुळे यांत्रिक वाटेल अशी दिग्दर्शकाची भीती होती. घडले उलटे. हात कुठे ठेवायचा याची चिंता संपल्याने चेहरा मोकळा झाला. भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव, स्तंभ (थिजून जाणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणे) आणि बाकीचे, हे मुद्दाम करून दाखवता येत नाहीत. मन एकाग्र असेल तरच ते अंगावर उमटतात. तालमीत नटीचा आवाज 'दमलास' म्हणताना आपोआप घोगरा झाला. तो तसाच ठेवला.

सत्तराव्या मिनिटाच्या प्रवेशावर माझे आणि निर्मात्याचे शेवटपर्यंत जमले नाही. कडीच्या प्रवेशानंतर तो केवळ करारासाठी उरला होता, तो काढावा असे माझे मत. करार करार आहे असे त्याचे. तो प्रवेश छोटा होऊन राहिला आहे, आणि माझ्या मते पद संपल्यावर नाटक तिथेच उभे राहते.

तिसऱ्या मसुद्याचे वाचन त्याच सभागृहात झाले. सासू-सून पुन्हा बोलावल्या होत्या. दिग्दर्शकाने या वेळी हरकत घेतली नाही. कडी आवाज न करता सरकली तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही आणि कोणी खोकले नाही. वाचन संपल्यावर चहा आला. सासूबाईंनी लेखिकेला जवळ बोलावले आणि विचारले, 'खोबरेल कशाला गं घातलंस? त्याने दोन दिवसांत धूळ बसून कडी चिकट होते. तिच्याकडे शिवणयंत्र आहे ना?'

लेखिकेचा केसांना तेल पुसण्याच्या तपशिलावर फार जीव होता, आणि माझाही. तिने थोडा वेळ विचार केला, पेन काढले आणि पान ४३ वर 'खोबरेल तेलाची बाटली' खोडून 'मशीनच्या तेलाची कुपी' असे लिहिले. केसांची ओळही खोडली; त्याऐवजी नायिका बोटे शिवणातल्या चिंधीला पुसते.